आकाश पाहण्याची जागा : विजयदुर्ग आणि जेऊर



दोन महिन्यांपूर्वीं पुण्याहून एका भगिनींचें पत्र आलें. त्यांचें माहेर करमाळा तालुक्यांतलें. सुट्टींत मुलें आजोळीं जातात. शहरांत त्यांना चंद्र आणि चार ठळक तारे यांपलीकडे कांहीं दिसत नाहीं, तेव्हां गांवाजवळ तारे पाहण्याला चांगली जागा कशी हुडकावी, तें सांगा, असें त्यांनीं लिहिलें होतें. पत्र वाचून मला मौज वाटली. ज्या तालुक्याविषयीं बाईंनीं विचारलें, त्याच तालुक्यांतील जेऊर या गांवीं सव्वाशें वर्षांहून अधिक काळापूर्वीं एक अमेरिकन ज्योतिषी, पत्नीला बरोबर घेऊन आणि दुर्बिणींच्या जड पेट्या आगगाडींतून उतरवून, तळ ठोकून राहिला होता. त्यालाहि हवी होती ती आकाश पाहण्याची एक चांगली जागाच. माझी सारी नोकरी त्या गांवापासून कांहीं मैलांच्या टापूंत झाली. तेव्हां बाईंना उत्तर देण्यापूर्वीं ती जुनी हकीकत सांगण्याची परवानगी मी मागतों. उत्तराचा बराचसा भाग त्या हकीकतींतच आहे.

शके १८१९ च्या पौष अमावास्येस, म्हणजे २२ जानेवारी १८९८ रोजीं, शनिवारीं भर दुपारीं खग्रास सूर्यग्रहण झालें. चंद्राची छाया आफ्रिकेकडून हिंदी महासागर ओलांडून आली, विजयदुर्गाच्या आसपास कोंकणच्या किनाऱ्यावर चढली, आणि सह्याद्रि, सोलापूर जिल्ह्याचा उत्तर भाग, मराठवाडा, वऱ्हाड, नागपूरचा आसमंत असें करीत ईशान्येस बिहार-नेपाळकडे निघून गेली. महाराष्ट्राच्या अंगावरून जणूं कोणी तिरपी रेघ ओढावी, तसा तिचा मार्ग होता. त्या अरुंद पट्ट्याबाहेर ग्रहण खंडग्रासच दिसावयाचें; आणि पट्ट्याच्या आंतहि सूर्य पूर्ण झांकलेला राहणार तो सुमारें दोन मिनिटें. त्या दोन मिनिटांसाठीं इंग्लंड-अमेरिकेंतील वेधकर्ते महिनोंमहिने तयारी करून निघाले.

आतां येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. पट्टा ग्रहगतीनें ठरविलेला. त्यांत माणसाचें कांहीं चालत नाहीं. परंतु त्या पट्ट्यांतील कोणत्या गांवीं उभें राहावयाचें, हें मात्र ज्याचें त्यानें ठरवावयाचें. कोणीं कोणती गांवें निवडलीं, तें पाहा. सर नॉर्मन लॉकियर विजयदुर्गास उतरले. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल जेऊरला आले, आणि आपल्या पुण्याचे प्रोफेसर कावसजी दादाभाई नायगांववाला हेहि जेऊरलाच आले. मॉन्डर पतिपत्नी वऱ्हाडांत तळणी येथें, न्यूअल आणि कॅप्टन हिल्स पुलगांवीं, आणि इंग्लंडचे राजज्योतिषी ख्रिस्ती हे टर्नर यांच्यासह पार रेवा संस्थानच्या बाजूस शहडोल येथें. या नांवांत एकहि मोठें शहर नाहीं. पण नकाशा काढून छायेच्या पट्ट्याजवळ लोहमार्गाच्या रेघा आंखा, म्हणजे उलगडा होतो. जेऊर हें मुंबई-सोलापूर मार्गावरचें स्टेशन. तळणी आणि पुलगांव नागपूरच्या मार्गावर. शहडोललाहि आगगाडी होती. जेथें रूळ आणि छाया एकमेकांना छेदतात, तेथें तळ पडला. विजयदुर्गास रूळ नव्हते, तेथें समुद्र होता. लॉकियरसाहेबांना ब्रिटिश आरमाराच्या ‘मेल्पोमिनी’ या जहाजाचें साहाय्य मिळालें, आणि जहाजावरचे खलाशीच त्यांनीं वेधाच्या कामासाठीं हाताखालीं घेऊन तयार केले.

विद्यार्थिदशेंत मी समजत असें कीं, थोर ज्योतिषी म्हणजे उंच शिखर शोधणारा मनुष्य. कॅम्पबेल ज्या वेधशाळेंतून आले ती तर डोंगरमाथ्यावर कायमच्या वसलेल्या वेधशाळांपैकीं अगदीं पहिली. असा मनुष्य सह्याद्रीचीं सारीं शिखरें ओलांडून पलीकडच्या सपाट माळावर उतरतो, ही गोष्ट मला प्रथम विसंगत वाटली. पण त्यांत विसंगति नव्हती. घाटमाथा ढग अडवितो. त्याच्या पूर्वेस पाऊस कमी, हवा कोरडी, आणि जानेवारींत आकाश बहुधा स्वच्छ. आमच्या भागांतले लोक या कोरडेपणाला सात पिढ्या शिव्या देत आले आहेत. १८९६-९७ चा मोठा दुष्काळ नुकताच सरला होता; सोलापूर जिल्हा त्यांत होरपळून निघाला होता. ज्या निरभ्र आकाशाकडे पाहून कुणब्याच्या पोटांत गोळा उठत होता, तेंच आकाश पाहून ज्योतिष्याचा जीव भांड्यांत पडत होता. ‘चांगलें आकाश’ हा शब्द आपण सहज वापरतों. तो कोणाच्या तोंडचा आहे, हें विचारावें लागतें, एवढेंच माझें म्हणणें.

शिवाय काळ प्लेगाचा होता. मुंबईंत १८९६ च्या सप्टेंबरांत साथ सुरू झाली, मग पुण्यांत पसरली, आणि आगगाडीच्या उतारूंची तपासणी हा रोजचा प्रकार होऊन बसला होता. त्यांतून वाट काढीत हीं माणसें आलीं, हें विसरतां येत नाहीं.

जेऊरच्या तळावरील मुख्य आयुध म्हणजे चाळीस फूट लांबीचा कॅमेरा. एवढी लांबी कशाला, असें माझ्या विद्यार्थ्यांना नेहमीं वाटे. भिंग आणि काच यांतील अंतर जितकें अधिक, तितकी काचेवरची सूर्याची प्रतिमा मोठी, हें त्याचें साधें कारण. पण चाळीस फुटांची नळी सूर्यामागें फिरवीत बसणें शक्य नाहीं. म्हणून नळी एकाच जागीं स्थिर रोखून ठेवावयाची आणि सूर्याची प्रतिमा जसजशी सरकेल तसतशी आंतील काच घड्याळाच्या यंत्रानें सरकवावयाची, अशी युक्ति होती. ग्रहणाच्या वेळीं सूर्य क्षितिजापासून सुमारें पन्नास अंश उंच असणार. तेव्हां भिंग उंच मनोऱ्यावर आणि काच खालीं जमिनीशीं, अशी तिरपी मांडणी करावी लागली. माळावर असें कांहीं उभें राहिलेलें पाहून आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरचे लोक काय म्हणाले असतील, याची कल्पना मी कित्येकदां केली आहे. त्या दिवशीं गांवांतील चुली थंड असणार, पाण्यांत तुळशीपत्रें आणि दर्भ टाकलेला असणार, मोक्षाच्या स्नानासाठीं लोक भीमेच्या वाटेला लागलेले असणार; आणि त्याच माळावर कांहीं माणसें घड्याळाचे ठोके मोजीत काचा बदलण्याचा सराव करीत असणार. कॅम्पबेल यांच्या पत्नीहि वेधाच्या कामांत होत्या.

प्रोफेसर नायगांववाला यांच्याविषयीं आपल्याकडे फार थोडें बोललें जातें, याचें मला वाईट वाटतें. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्यें भावनगरच्या महाराजा तख्तसिंगजींच्या देणगींतून त्यांनीं वेधशाळा उभी केली होती. तिच्यांत वीस इंच व्यासाची दुर्बीण होती आणि तेव्हां हिंदुस्थानांत तिच्याएवढी मोठी दुर्बीण दुसरी नव्हती. पुण्याहून जेऊर जवळ. परंतु त्यांनाहि दुर्बीण, वर्णपटाचीं यंत्रें, तंबू, माणसें हें सारें नव्यानें उभें करावें लागलेंच. जेऊरच्या वेधांचा त्यांचा सविस्तर अहवाल १९०२ सालीं छापून प्रसिद्ध झाला. परदेशी तळाच्या बरोबरीनें एका हिंदी शास्त्रज्ञानें त्याच माळावर, तीं दोनच मिनिटें पदरांत घेऊन, असें काम केलें. आमच्या शाळेच्या भिंतीवर कोणाची तसबीर लावावी असा प्रश्न निघाला, तेव्हां मी त्यांचें नांव सुचविलें होतें. तसबीर मिळाली नाहीं, तो भाग वेगळा.

आकाश त्या दिवशीं स्वच्छ राहिलें, आणि तेंहि एकट्या जेऊरला नव्हे. सूर्य झांकला गेला, त्याभोंवतीं मोत्याच्या रंगाचें प्रभामंडळ पसरलें, भरदुपारीं तारे दिसले. दोन मिनिटांनीं पुन्हां कडेवर प्रकाशाचा थेंब चमकला आणि संपलें. तळणीच्या तळावर ॲनी मॉन्डर यांनीं आपल्या लहानशा कॅमेऱ्यानें प्रभामंडळाची एक शलाका टिपली. तोंवर इतकी लांब शलाका कोणाच्याहि काचेवर उमटली नव्हती. मोठमोठ्या यंत्रांच्या गर्दींत हें श्रेय त्या छोट्या कॅमेऱ्याला मिळालें, याचा मला उगाच आनंद होतो.

आतां विजयदुर्गाकडे वळतों, आणि येथें मला माझीच एक चूक कबूल करावयाची आहे. हीलियम या मूलद्रव्याचा शोध १८ ऑगस्ट १८६८ रोजीं लॉकियरसाहेबांनीं विजयदुर्गाच्या किल्ल्यावरून लावला, असें आपल्याकडे पुष्कळ ठिकाणीं लिहिलेलें आणि बोललेलें आढळतें. किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ म्हणून चौथरे दाखवितात, आणि १८ ऑगस्टला तेथें समारंभहि झालेले आहेत. मीं स्वतः वीस वर्षें वर्गांत हेंच शिकविलें. एके वर्षीं सातवींतल्या एका मुलीनें हात वर केला. तिचे वडील रेल्वेंत नोकरीला, आई देवगडकडची. ती म्हणाली, “गुरुजी, श्रावणांत विजयदुर्गाला सूर्य दिसतो का हो? आई तर म्हणते, श्रावणांत तिकडे चुलीला कोरडं लाकूड मिळत नाहीं.”

मी निरुत्तर झालों. १८ ऑगस्ट १८६८ म्हणजे श्रावण अमावास्या, पोळ्याचा दिवस. त्या दिवसांत कोंकणचा किनारा कसा असतो, हें सांगावयास ज्योतिषी लागत नाहीं. विलायतेहून हजारों मैल दुर्बिणी आणून त्या ऐन पावसाळ्यांत कोंकणांतल्या किल्ल्यावर मांडणारा शास्त्रज्ञ कोण असेल? त्या मुलीच्या आईला जें कळलें तें मला वीस वर्षांत सुचलें नाहीं. मी त्याच आठवड्यांत जिल्ह्याच्या ग्रंथालयांत गेलों, आणि मग जिथून मिळेल तिथून माहिती गोळा करूं लागलों.

खरा प्रकार असा. १८६८ च्या ग्रहणाची छायाहि दक्षिण कोंकणावरूनच पूर्वेस गेली. पण वेधकर्ते बसले होते ते घाटाच्या पलीकडे. लेफ्टनंट हर्शेल जमखिंडीला होते, आणि तेथेंहि ढगांनीं त्यांना पुरतें सतावलें. फटींतून जेवढें दिसलें तेवढें त्यांनीं टिपून घेतलें. आंध्रांत गुंतूर येथें फ्रान्सचे जान्सेन आणि मेजर टेनन्ट, मच्छलीपट्टणला मद्रासचे पॉगसन. सूर्याच्या कडेवर ज्या लालसर ज्वाला दिसतात, त्यांच्या वर्णपटांत तेजस्वी रेषा दिसल्या, म्हणजे त्या ज्वाला तप्त वायूच्या आहेत, हें त्या दिवशीं सिद्ध झालें. जान्सेन यांना दिसलेल्या रेषा इतक्या ठळक होत्या कीं, ग्रहणाशिवायहि त्या दिसल्या पाहिजेत असें त्यांना वाटलें, आणि दुसऱ्या दिवशीं गुंतूरलाच त्यांनीं तें करून दाखविलें. लॉकियर त्या सुमारास हिंदुस्थानांत नव्हतेच. त्यांनीं इंग्लंडांत बसून, स्वतंत्रपणें, २० ऑक्टोबर १८६८ रोजीं तेंच साधलें. दोघांचीं पत्रें पॅरिसच्या ॲकॅडमीसमोर एकाच दिवशीं आलीं, आणि पुढें फ्रेंच सरकारनें दोघांच्या मुद्रा असलेलें एकच पदक पाडलें. ज्वालांच्या वर्णपटांत सोडियमच्या जोडरेषेजवळ, पण तिच्याशीं न जुळणारी, एक पिवळी रेषा होती. ती पृथ्वीवर माहीत नसलेल्या एखाद्या मूलद्रव्याची असावी असा तर्क लॉकियर यांनीं केला, आणि सूर्याच्या ग्रीक नांवावरून त्याला हीलियम हें नांव पडलें. तो वायु पृथ्वीवर प्रत्यक्ष हातीं लागला तो १८९५ सालीं, रॅम्से यांच्या प्रयोगशाळेंत.

म्हणजे लॉकियर विजयदुर्गास आले हें खरें, किल्ल्यावर वेध घेतले हेंहि खरें. पण तें वर्ष १८९८. तोंवर हीलियमला नांव मिळून बराच काळ लोटला होता आणि तो वायु बाटलींत भरूनहि झाला होता. तीस वर्षांच्या अंतरानें दोन ग्रहणें एकाच किनाऱ्यावरून गेलीं, आणि दोहोंच्या कथेंत लॉकियर हें एकच नांव. लोकांच्या आठवणींत दोन्ही एकमेकांत मिसळलीं, यांत नवल नाहीं. ‘साहेबाचे ओटे’ १८९८ च्या तळाशीं जोडणें हेंच मला युक्त दिसतें.

हें मीं एका सभेंत सांगितलें तेव्हां एक तरुण गृहस्थ चिडून म्हणाले, “गुरुजी, आपल्या किल्ल्याचा मान तुम्हीच कमी करतां?” त्यांच्या रागाचें मला वाईट वाटलें नाहीं, किल्ल्यावरची त्यांची भक्ति खरी होती. पण किल्ल्याचा मान कमी कसा झाला? समुद्र, जहाज, पौषांतलें निरभ्र आकाश आणि छायेची मध्यरेषा हीं चारहि जेथें एकत्र येतात, अशी जागा साऱ्या जगांतून निवडावयाची होती, आणि निवड झाली ती विजयदुर्गाची. हें पुरेसें नाहीं काय? दुसऱ्या वर्षापासून मीं वर्गांत दोन्ही ग्रहणें शेजारी शेजारी शिकविलीं. मुलांना ती गोष्ट पहिल्या गोष्टीपेक्षां अधिक आवडली, कारण तिच्यांत शोध लावणारी एक सातवींतली मुलगी होती.

असो. आमच्या भगिनींचा प्रश्न ग्रहणाचा नाहीं, ताऱ्यांचा आहे. ग्रहणाची जागा एका दिवसापुरती लागते. ताऱ्यांची जागा वर्षानुवर्षें उपयोगी पडली पाहिजे. त्यासाठीं चाळीस फुटी कॅमेरा नको. आणि खरें म्हणजे दुर्बीणहि नको. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनीं गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत मराठी घरांसाठीं ‘ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज’ हें पुस्तक लिहिलें, तें याच समजुतीनें. दीक्षित हे माझ्यासारखेच मॅट्रिक झालेले शाळामास्तर. बरोबरी येथेंच संपते, कारण त्यांनीं ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ लिहिलें. हा थोर ग्रंथ १८९६ मध्यें निघाला, आणि ग्रहणाच्या त्याच १८९८ सालीं दीक्षित निवर्तले.

जागा हुडकण्याचा माझा पहिला धडा १९८६ सालचा आहे. एप्रिलांत हॅलेचा धूमकेतू दक्षिणेकडे खालच्या अंगाला होता. मी तेव्हां तरुण आणि उत्साही. गांवाजवळची सर्वांत उंच टेकडी निवडली, आणि अमावास्येच्या आसपासच्या रात्रीं चाळीस मुलें वर चढवून नेलीं. वर गेल्यावर काय पाहिलें? स्टेशनचे दिवे, बाजारपेठेचे दिवे, दूरच्या कारखान्याची उजळलेली चिमणी, आणि त्या साऱ्यांवर धुळीचा पिवळट पडदा. धूमकेतू मात्र दिसेना. मुलें कंटाळून एकमेकांना खडे मारूं लागलीं. तेवढ्यांत टेकडीच्या पलीकडून मेंढरें बसविलेला एक म्हातारा धनगर घोंगडें सांवरीत वर आला आणि म्हणाला, “गुरुजी, हितं उभं ऱ्हाऊन गावच बघताय की तुमी. आभाळ बघायचं तर खाली उतरा, माज्या वाड्यापाशी.”

टेकडीच्या दक्षिणेकडच्या उतारावर, माथ्यापासून बरेंच खालीं, एक सपाट खडकाळ पट्टी होती. तेथें उतरलों आणि गांव टेकडीआड गेलें. त्याबरोबर दिवे गेले, आणि पाव तासानें डोळे अंधाराला सरावले तेव्हां दक्षिणेकडे कापसाच्या पुसट बोळ्यासारखा तो धूमकेतू मुलांनींच मला दाखविला. तेव्हांपासून मी कोणालाहि हेंच सांगत आलों आहें. गांवाजवळ तारे पाहावयाचे तर टेकडीचा माथा शोधूं नका; टेकडीची पाठ शोधा. गांव आणि आपण यांच्या मध्यें डोंगराची भिंत असूं द्या. गांवापासून एक-दोन कोस गेलांत, आणि त्यांतहि गांव आपल्या उत्तरेला सोडलेंत, तर आणखी उत्तम. कारण उत्तरेकडे ध्रुव आपल्याकडे अवघा अठरा अंश उंच, आणि त्याच्याखालीं पाहण्यासारखें थोडेंच; दक्षिणेचें क्षितिज मात्र फार मोलाचें. माघांत तेथें अगस्ति तळपतो, आणि वैशाखांत त्रिशंकु. हा त्रिशंकु क्षितिजापासून थोडासाच वर येतो. ज्या जागेवरून तो स्पष्ट दिसला, ती जागा परीक्षेंत उतरली असें समजावें. पुण्या-मुंबईच्या गच्चीवरून तो दिसल्याचें सांगणारे मला क्वचित् भेटतात.

दुसरा धडा पाण्याचा. उजनीचें धरण झाल्यापासून भीमेचें पाणी आमच्या भागांत दूरवर पसरलें आहे. काठावर बसलें कीं समोर क्षितिज अगदीं मोकळें, एकहि झाड नाहीं. जागा स्वर्गासारखी वाटते. २००१ च्या नोव्हेंबरांत सिंह राशींतला उल्कापात पाहण्यासाठीं मी मुलांना तेथें घेऊन गेलों. मध्यरात्रीनंतर थोडा वेळ बहार झाली, आणि मग पाण्यावरून धुकें उठलें तें थेट आमच्या अंथरुणांवर आलें. पहांटेपर्यंत आम्ही पांढऱ्या कापडांत गुंडाळल्यासारखे बसून होतों. वर उल्का पडत असणार! तेव्हांपासून हिवाळ्यांत मी पाण्यापासून दूर, खडकाळ किंवा मुरमाड जमीन पाहतों. उसाच्या फडाजवळहि बसूं नये. दंव पडतें, आणि गाळपाच्या दिवसांत वाहनांचे झोत रात्रभर चालू असतात.

वेळ म्हणाल तर हस्ताचा पाऊस सरल्यापासून माघापर्यंत. चैत्र-वैशाखांत तारे चांगले, पण धूळ वाईट. बाकी गोष्टी घरांतल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असतात: जागा दिवसां जाऊन पाहून ठेवावी, ज्याचें रान असेल त्याला विचारावें, पायांत जोडा आणि हातांत काठी असावी, विजेरीच्या तोंडाला लाल कापड बांधावें. शेवटची गोष्ट मुलें विसरतात. एकानें पांढरा झोत डोळ्यांवर मारला कीं साऱ्यांची अर्ध्या तासाची तपश्चर्या वायां जाते.

आतां जी गोष्ट टाळतां आली असती तर मीं टाळली असती, ती. आमच्या शाळेच्या मैदानावर बसून मीं पंचवीस-तीस वर्षें मुलांना कृत्तिका, रोहिणी, मृग दाखविले. तेथें कोणाला कोसभर चालावें लागत नसे. कांहीं वर्षांपूर्वीं मैदानाच्या कोपऱ्यावर एक उंच खांब उभा राहिला आणि त्यावर पांढऱ्या दिव्यांचा झुबका बसला. त्या रात्रीपासून मैदानावरून आकाशगंगा गेली. तक्रार करावी, तर तो दिवा मागणाऱ्या अर्जावर पहिली सही माझीच आहे. त्या कोपऱ्यावरून मुली शिकवणीहून परत येतात. तेथेंच एका पावसाळ्यांत एका बाईला सर्प डसला होता. शंभर वर्षें अंधारांत चांचपडलेल्या गांवानें दिवा मागितला, तर आकाशाचें नांव काढून त्याला नको म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? मी आजहि ती सही मागें घेणार नाहीं. पण दिवा वर आभाळाकडे कां फेंकावा, त्यावर झांकण कां नसावें, रात्रीं अकरानंतर तो मंद कां होऊं नये, हें तेव्हां मला विचारावयास सुचलें नाहीं, ही माझी चूक आहे.

हें विचारणारे लोक आतां निघाले आहेत. लडाखांतील हान्ले येथें २०२२ सालीं काळोखाचें राखीव क्षेत्र ठरविण्यांत आलें. आपल्या महाराष्ट्रांतील पेंच व्याघ्रप्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्यें काळोखें आकाश राखणाऱ्या उद्यानाचा आंतरराष्ट्रीय मान मिळाला, आणि तो मिळविणारें तें देशांतलें पहिलें उद्यान ठरलें. पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेनें आपली दोन मीटरची दुर्बीण पुण्यांत न ठेवतां जुन्नरच्या बाजूला गिरवलीच्या डोंगरावर नेली, ती २००६ मध्यें सुरू झाली. आणि नायगांववालांची ती वीस इंची दुर्बीण? १९१२ सालीं ते निवृत्त झाल्यावर पुण्याची वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुढें १९८० च्या दशकांत, हिमालयांत वेधशाळेला योग्य जागा कोणती याची पारख चालली असतां, तिलाच लेहला नेण्यांत आलें. पुण्यांतून निघालेली दुर्बीण म्हातारपणीं जागा हुडकण्याच्या कामाला लागली! मला ती जवळची वाटते, याचें कारण श्रोत्यांनीं ओळखलें असेल.

आमच्या गांवापुरतें सांगावयाचें तर सरपंचांशीं माझें बोलणें झालें. ते माझेच विद्यार्थी. दिवा काढावयाचा नाहीं. पण हिवाळ्यांतल्या अमावास्यांना, मैदानावर मोठी माणसें हजर असतील तर, तासभर तो विझवूं, असें त्यांनीं कबूल केलें. गेल्या पौष अमावास्येला, म्हणजे जेऊरच्या त्या ग्रहणाच्याच तिथीला, पहिला तास मिळाला. आठ वाजतां दिवा गेला. प्रथम कुत्रीं भुंकलीं, मग मुलें ओरडलीं, मग सगळीं गप्प झालीं. कृत्तिका अगदीं डोक्यावर होत्या. मीं सवयीप्रमाणें मोजावयास सांगितलें. बहुतेकांनीं सात मोजल्या. चौथींतली एक मुलगी नऊ म्हणाली, आणि कोणाचेंहि ऐकेना. मीं पुष्कळ वेळ मान वर करून पाहिलें. मला पांचच दिसल्या.